दान

अप्पा बळवंत चौकाच्या मागे
झेंडेच्या बाइंडिंगखान्यावर जी खोली आहे
तिथे दर शनिवारी साडेसातला
आम्ही सहाजण एक शहर चालवतो.
भाडं नाही. झेंडेच्या अटी दोनच :
खळीच्या डब्यांवर बसायचं नाही,
आणि त्याच्या रेवाला एखादं पात्र द्यायचं.
दिलं. नऊ वर्षांच्या रेवाने चोर मागितला.
आता ती वीसची आहे,
चोर अजून सापडलेला नाही.

नियमांचं पहिलं पुस्तक, खरं सांगतो,
झेरॉक्स होतं. तीनशे वीस पानं, पाठपोट.
एकशे बारावं पान तिरकं आलेलं
म्हणून आमच्या शहरात
राक्षसाचा डावा हात कुणी पाहिलेला नाही.
नोकऱ्या लागल्यावर लाजेकाजेस्तव खरी प्रत घेतली,
मग दुसरी, मग नकाशे,
मग ज्यांची गरज नव्हती ती पुठ्ठ्याची भुयारं.

त्या खऱ्या प्रतीच्या शेवटच्या पानावर
बारीक अक्षरांत होतं :
घ्या, यावर तुमचं रचा, वाटा, विका. कायमचं.
तौसीफ मुलाणीने ‘कायमचं’खाली
पेन्सिलने रेघ मारली आणि म्हणाला,
हे दान आहे. पडलेलं दान
उचलून परत टाकत नाहीत.

तौसीफचा केरबा नावाडी होता.
फी घ्यायचा नाही, गोष्ट घ्यायचा.
अलीकडच्या काठावर एक, पलीकडे उतरताना दुसरी.
कंपनीचं अ‍ॅप आलं तेव्हा
तौसीफनेच हौसेने केरबाला त्यात भरलं,
जखमांसकट, उधारीसकट,
मला म्हणाला, कागद काय, भिजतो.

मागच्या जानेवारीत कंपनीचं पत्र आलं.
शाल्मली दिवसा विमा कंपनीत कलमंच लिहिते,
तिने वडापावचा कागद बाजूला सारून
सातवं कलम मोठ्याने वाचलं, मग पुन्हा वाचलं.
‘कायमचं’ म्हणजे आम्ही म्हणू तोवर.
तुम्ही रचलेलं आमचं,
रचणार असाल तेही.
खाली झेंडेचं कटिंग मशीन चालू होतं,
ते थांबेपर्यंत कुणी बोललं नाही.

जगभर आरडाओरडा झाला म्हणतात.
कंपनीने माफी मागितली.
माफीच्या खाली बटण होतं :
वर्गणी चालू ठेवा.

त्या रात्री मी केरबाला शोधायला गेलो.
खाते निष्क्रिय. पात्र गोठवले आहे.
परत मिळवण्यासाठी वार्षिक योजना निवडा.
तौसीफला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.
तो कुठली योजना निवडणार?

एक गोष्ट मी टेबलावर कधी सांगितली नाही.
तौसीफच्या शेवटच्या शनिवारी,
तो आधीच खोकत होता, हसत होता,
पडद्यामागे माझ्या फाशावर वीस पडले.
केरबा मेला असता.
मी म्हणालो, तीन. होडी हलली, एवढंच.
त्याने माझ्याकडे पाहिलं जरा जास्त वेळ
आणि वल्ही उचलली.
अ‍ॅपने खरं सांगितलं असतं.

आता पुन्हा कागद. अकरा वर्षांच्या वह्या
झेंडेने शिवून दिल्या, कापडी पाठ,
शेवटी कोरी पानं किती ठेवू, एवढंच विचारलं.
केरबा आम्हाला आठवेल तसा लिहिला,
आणि सहाजणांना तो सहा तऱ्हांनी आठवतो.
उधारीवरून तर भांडण झालं.

काल रेवाचा चोर नदीपाशी पोचला.
तिने फासा टाकला, तो घरंगळत गेला
थेट खळीच्या डब्यांमागे, अंधारात.
ती वाकली, मोबाइलचा उजेड पाडला,
किती, मी विचारलं.

अठरा, ती म्हणाली.
बरं, मी म्हणालो. होडी येतेय.