पाच रेघा

वाघबिळाचा चढ लागायच्या अलीकडं
डाव्या हाताला, चिंचेखाली,
जिथं आता परमिट रूमची निळी पाटी आहे
तिथं हौसाक्का कलालिणीचा गुत्ता होता.
मी बघितला नाही. मला नुसती भिंत दाखवली.

कमरेएवढ्या उंचीवर ओळीनं खाचा,
हँडलांच्या.
रॅले, हर्क्युलिस, आणि एक बीएसए,
तसल्या अख्ख्या करवीरात तीनच होत्या म्हणे.
म्हणणारा दस्तगीर शिकलगार,
तेव्हा त्याच्या म्हणण्यातनं थोडं वजा करून घ्या.

रविवारी पहाटे पंचगंगेच्या पुलावर जमायचे,
धोतराला चिमटा, विजारीला सुतळी,
कार्बाईडच्या दिव्यांना लसणासारखा वास
आणि केर्लीपासनं मागं कुत्री.
पन्हाळा हे नुसतं निमित्त.
निम्मे गुत्त्यातनंच माघारी फिरायचे
आणि घरी सांगायचे, गडावर लई वारं होतं.

पायगोंडा मगदूम जैनाचा,
घरनं बाटलीत ताक आणायचा, तेवढंच प्यायचा,
पण पंप त्याच्या एकट्याकडं
म्हणून बाकावरची भिंतीकडची जागा त्याची.

हौसाक्काला लिहिता येत नव्हतं.
उधारी कोळशानं, चित्रात:
पायगोंडाचा पंप (पुढं रेघ एकही नाही),
दस्तगीरची सुरी, पुढं रेघा, रेघा,
एका रेघेला एक आणा.

एका रात्री तो बाकावरच आडवा झाला.
जाग आली तेव्हा चांदणं होतं, सायकल नव्हती.
चढावर बघितलं तर हौसाक्का,
कासोटा घट्ट खोचलेला,
सायकल ढकलत वर, वर, पार वळणापर्यंत.
तिथं वळवली. बसली.
ब्रेक होते असं दस्तगीरसुद्धा म्हणाला नाही.

ओरडली नाही ती.
घंटी मात्र वाजवत आली, एकसारखी,
रस्त्यात चिटपाखरू नसताना,
गुत्त्यावरनं, चिंचेखालनं,
थेट खालच्या उसात.

बऱ्याच वेळानं पाला झाडत आली.
कोपर सोललेलं, एका हातात बांगडी नाही.
सायकल भिंतीला लावली.
"चेन सैल हाय तुझी," म्हणाली,
आणि सुरीपुढच्या पाच रेघा
पदरानं पुसून टाकल्या.
इथं मी काही वजा करत नाही.

पुढं संस्थान गेलं, दारूबंदी आली,
त्याच पेल्यांतनं ती चहा विकायला लागली.
चहावर चढ चढवत नाही म्हणून
मंडळी पांगली. पायगोंडा येत राहिला, ताक घेऊन.

आता रविवारी हेल्मेटवाले थांबतात,
मिसळ खातात, मनगटावरचे ठोके बघतात.
मी बिअर मागवतो आणि मागं जातो,
रिकामे क्रेट सरकवून
भिंतीवर हात फिरवतो. खाच आहे. अजून एक आहे.
कोळसा कुठला राहतोय.

"काय पडलंय का, साहेब?" वेटर विचारतो.