कामोतेची शेपटी

त्लाहुआकच्या हमरस्त्याला लागून
पंक्चरचं दुकान, वर पत्रा,
आणि जुन्या टायरांच्या थप्पीआड
एक काचेची टाकी.
आत कामोते. म्हणजे रताळं.
रंगही तसाच, उकडून सोललेला.

टाकी एर्मिलोची नाही.
यारेली मोंतेर्रेला नर्सिंग शिकायला निघाली
तेव्हा एक वही, एक थर्मामीटर आणि हा अ‍ॅक्सोलॉटल
बापाच्या हवाली करून गेली.
वहीच्या पहिल्या पानावर:
याला पापण्या नसतात.
टक लावून बघतो म्हणून मनाला लावून घेऊ नकोस.

चार दिवस झाले,
शेपटीचं टोक वळलंय वेलांटीसारखं.
डोक्यामागचे तांबडे तुरे
पुढे झुकलेत,
वाऱ्याला पाठ देऊन उभ्या कोंबडीची पिसं जशी.
चिमट्यात गांडूळ धरून तोंडाशी नेलं
तर मान फिरवतो,
दिवाळसणाला रुसलेला जावई.

रात्री फोन.
तिरका तरंगतोय का?
नाही, तळाशीच असतो.
अंगावर कापसासारखं काही?
थांब, चष्मा लावतो. नाही.
वर येऊन हवा गिळतो?
दोनदा. जांभईपण दिली.
जांभई चालते.
पाणी किती आहे?
चोवीस.
बाबा, चोवीस!

मग बाटल्यांत पाणी गोठवून
एकेक बाटली टाकीत सोडली, अलगद,
तापलेल्या पोराच्या कपाळावर
ओली पट्टी ठेवतात तशी.
अठरा.
दोन दिवस बादलीत उघडं ठेवलेलं पाणी
तांब्या तांब्यानं बदललं.
चाचणीच्या नळीत थेंब टाकले: पिवळा.
पिवळा म्हणजे अमोनिया नाही.
वहीत लिहिलेलं सगळं झालं.
वेलांटी तशीच.

ती विचारत नाही, तू काय जेवलास.
तो सांगत नाही, गॅस पेटवून किती दिवस झाले.
तिच्या आईचं नावही निघत नाही.
दोघं अमोनियाबद्दल बोलतात
अर्धा अर्धा तास.
एका घरात राहत होते तेव्हा
इतकं कधी बोलले नव्हते.

शनिवारी दुपारी वीज गेली.
एर्मिलो नुसता बसला, हात काळे, मांडीवर.
समोर टाकी.
काहीतरी वेगळं होतं.
काय, ते कळायला बराच वेळ गेला:
पाण्याच्या कडेला जी बारीक थरथर असायची
ती नव्हती.

कंप्रेसर.
चोरीच्या भीतीनं गेल्या आठवड्यात आत घेतलेला,
टाकीमागच्या भिंतीला टेकवून.
दिवसभर धडधड भिंतीत,
भिंतीतून काचेत, काचेतून
अंगभर कान असलेल्या त्या जिवात.
आणि एर्मिलोला तीस वर्षांत
ती धडधड ऐकूच येईनाशी झालेली.
शेजारी म्हणायचे, कसं राहता हो इथे?
बायकोही म्हणायची. शेवटी शेवटी
म्हणायची थांबली होती.

तळहात काचेला लावून तो बसून राहिला.
तुरे हलले. एक आधी,
मग जरा थांबून दुसरा,
पडदा सरकवून कुणी बाहेर बघावं तसा.

रस्त्यावर ट्रकचा हॉर्न.
चाक बसलंय, ड्रायव्हर ओरडतोय, अहो, हवा!
एर्मिलोनं पाठीमागे वळून न बघता
पाच बोटं वर केली. थांब.
मग चिमटा. गांडूळ.
कामोते बघतच होता, तो कायम बघतच असतो.
गप्पकन.
इतकं पटकन की चिमटाच हातातून सुटला.

विजेसाठी खोळंबलायत का? ड्रायव्हर दारात येऊन म्हणाला.
वरचा दिवा लागलेला होता.
वीज कधीचीच आली होती.
एर्मिलो उठला,
कोपऱ्यातला पायपंप काढला,
सायकलचा, यारेलीच्या,
आणि ट्रकच्या चाकापाशी जाऊन बसला.

डोकं फिरलंय का तुमचं?
ड्रायव्हर हसू दाबत म्हणाला.

टाकीत शेपटीचं टोक
अजून थोडं वाकडंच होतं.