फॅट सहा पॉईंट दोन

पहाटे साडेपाचला केंद्राचं शटर वर करतो.
पहिली किटली सुपडू आप्पाची,
सायकलच्या हँडलला हेलकावत,
झाकणाखाली केळीच्या पानाचा तुकडा.
नमुना घेतो, यंत्रात घालतो, आकडा वाचतो:
फॅट सहा पॉईंट दोन.
"दोनच का रे भो? कालदिन तं चार व्हतं."
"म्हैसले इचार, आप्पा."

बावीस वर्षं झाली.
गिरणाकाठच्या सात गावांचं दूध या हातांखालून गेलं
आणि माझ्या पोटात एक कप टिकत नाही.

सांगत नव्हतो कुणाला.
हलवाई गोड खात नाही म्हटलं तर लोक हसून सोडतात,
दूधवाला दूध पीत नाही म्हटलं
की पाण्याचा संशय येतो.

लहानपणी आबा समोर बसून पेला संपवून घ्यायचे,
धारोष्ण, ओठांवर फेसाची मिशी.
अर्ध्या तासात आत ट्रॅक्टर सुरू व्हायचा
आणि मी डबा घेऊन नाल्याकडे.
आईनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.
गुरुजी म्हणाले, शाळा बुडवायचे धंदे.
लग्नात सासूबाईंनी केशराचं दूध पुढे केलं,
नाही कसं म्हणणार?
वरातीच्या घोड्यावर मी मांड्या आवळून बसलो होतो
आणि लोक म्हणत होते, नवरदेव किती गंभीर.

चाळिशीत पाचोऱ्याला बोरसे डॉक्टरीणबाईंकडे गेलो.
म्हणाल्या, "पंधरा दिवस बंद करा.
मग एकदा प्या, आणि काय होतं ते लिहून आणा."
मी हिशोबाची वही नेली:
तारीख, वेळ, किती मिली, किती वेळा.
त्या हसल्या नाहीत. म्हणून पटलं.
"दुधात एक साखर असते.
ती कापायची कात्री आतड्यात असते.
अंगावरचं सुटलं की पुष्कळांची कात्री बोथट होत जाते.
न कापलेली साखर खाली उतरते,
तिथे जंतूंची जत्रा भरते.
हा आजार नाही. जगात तुमच्यासारखेच जास्त."

परतताना गोठ्यापाशी थांबलो.
दीड वर्षाची पारडी कडबा चघळत होती,
शेजारी आई उभी, सड भरलेले,
आणि ती वळूनही बघत नव्हती.
तिची कुणी दृष्ट काढली नव्हती.

आता मला माझं माप ठाऊक आहे.
ताक चालतं. आंबट दही चालतं.
चहात दोन चमचे चालतात,
तिसरा पोटाला विचारून.
हाडांसाठी तिळाची चटणी, शेवग्याचा पाला.
लग्नसराईत खिशात गोळ्या,
आणि बासुंदीला नाही म्हणताना
मी आता पोटाचं कारण सांगतो, उपासाचं नाही.

आखाजीला आई खापरावर मांडे करते.
पंगतीत सगळ्यांच्या वाट्या पांढऱ्या,
माझ्या वाटीत रशी, लालभडक.
"तूप तं चाले ना तुले?"
दर वर्षी विचारते, आणि उत्तराआधीच ओतते.
यंदा हात थांबला तिचा.
"मना बी पोटमा अशीच गडगड व्हये, आखाजीले.
माले वाटे, पुरनना दोष."
"मग कधी बोलली नाहीस?"
"एक दिवसनं काय बोलू?
बाकी वरीसभर बाईना वाटाले दूध कोठे ये?"

कुणी काही बोललं नाही.
आबांच्या तसबिरीखाली नैवेद्याची वाटी होती, दुधाची,
तिच्यावर साय धरत होती.
मी उठलो, आतून एक वाटी आणली
आणि तिच्या पानावर रशी वाढली.

सकाळी पुन्हा शटर.
किटल्या येतात, रिकाम्या होतात,
नळाखाली त्या विसळताना
तळाशी राहिलेल्या दुधाचा कोमट वास वर येतो.
तो मला आवडतो. फार आवडतो.
हे मात्र डॉक्टरीणबाईंनीही विचारलं नव्हतं.
"किती?" आप्पा दारातून ओरडतात.