सेकंडचा माल

नळ आमच्याकडे पाचव्या दिवशी येतो,
तोही रात्री अडीचला, तासभर.
माझं मात्र रोजचं. चोवीस तास.
सुट्टी नाही, पाळी नाही,
व्हॉल्व्ह फिरवायला कुणी माणूस नाही.

पिशवी काढली फेब्रुवारीत. आत गाठ होती, नारळाएवढी.
टाके सुकले, घरी आले,
अकराव्या दिवशी पलंगावरून उठले तर पाय ओले.
वाटलं तांब्या लवंडला.
तांब्या तर पालथाच होता.

हत्तुरे डॉक्टरांनी कागदावर दोन फुगे काढले,
मधे एक बारीक रेघ.
"इथून इथं वाट पडलीय. फिस्टुला."
आईनं फोनवर विचारलं, तेलुगूत काय म्हणायचं त्याला?
मला मराठीतही येत नव्हता तो शब्द.
म्हटलं, गळती.

जूनमध्ये एकदा शिवलं. तेराव्या दिवशी पुन्हा तेच.
आता म्हणतात, थांबा, आतलं मऊ पडू दे,
घाईनं शिवलं तर दोराच मांस कापत जातो.
हे मला समजावायला नको होतं.
सतरा वर्षं टॉवेलच्या कडा मारल्यात मी.
विरलेल्या कापडात टाका धरत नाही.

पाणी कमी प्यायचं, म्हणजे कमी गळेल,
हा माझा हिशोब. सिस्टर खेकसली,
"अगं, मग कातडी सोलून निघेल की!"
तेव्हापासून पिते. पिंपात काठी घालून मोजते,
प्यायचं किती, धुवायचं किती.

घरात आता सेकंडचा माल येतो, किलोवर.
रंग उतरलेला, फणीचा वळ उठलेला, एका अंगाला आखूड.
यादगिरी रात्रपाळी संपवून गठ्ठा टाकतो,
काही न बोलता कात्री घेऊन बसतो.
एका टॉवेलचे चार.
एकावर मोराची मान, एकावर अर्धं कमळ,
एकावर कुठल्याशा हॉटेलचं नाव, उलटं विणलेलं.
त्या हॉटेलवाल्यांना कळायचं नाही
त्यांचं नाव कुठं कामाला लागलंय.

दिवसाला बारा.
गच्चीवर वीस मिनिटांत कडकडीत वाळायचे मे महिन्यात.
अख्खं सोलापूर ज्या उन्हाला शिव्या घालतं
ते ऊन माझ्या बाजूचं आहे.

कारखान्यात कुणी काही बोललं नाही.
फक्त शेजारचं मशीन "बिघडलं"
आणि पंख्याचं तोंड फिरलं.
मीच म्हटलं, शेठ, घरी कडा मारून देते.

राजव्वा तेवढी येते. सूप मांडीवर,
विड्या वळता वळता म्हणते,
"माझ्या बोटांना तीस वर्षं तंबाखू आहे,
नातू माझ्या हातचा घास खात नाही.
तुझं काय घेऊन बसलीस."
मग चहा मागते, साखर जास्त.

परवा दवाखान्यात यादगिरीनं तोंड उघडलं.
"डॉक्टर, ताण्याची तार तुटली की आम्ही आधी माग बंद करतो.
चालत्या मागावर गाठ बसत नाही.
हिचा कुठून बंद करायचा?"
डॉक्टर थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले.
म्हणाले, त्यासाठीच नळी. या खेपेला तीन आठवडे.
पिशवी रिकामी राहील, शिवण विसावेल.
धरेल का, ते मात्र म्हणाले नाहीत.
मीही विचारलं नाही.

आमच्या दोन अंथरुणांत वीतभर फरशी आहे.
ती मी सोडलीय, त्यानं नाही.
काल त्याची सुट्टी होती. झोपेत हात फरशी ओलांडून आला,
माझ्या कमरेपाशी पडला.
ओला झाला असणार.
मी श्वास धरून वाट पाहिली, काढेल म्हणून.

अडीचला नळात आधी हवा खाकरली, मग पाणी.
"पड तू," तो म्हणाला, म्हणजे जागाच होता,
आणि पिंपाखाली पाइप लावायला गेला.

मी पडले नाही. उठून बसले.
घडी करायचे तीन राहिले होते,
अर्ध्या कमळाचे दोन,
हॉटेलचा एक.