आखूड बाही

शब्दकोशात तिचे तीन अर्थ दिले होते:
घाई, आस्था, मेहनत.
मध्ये नुसते स्वल्पविराम,
जशा तिघी जावा, एकाच घरात, चुली वेगळ्या.

वही घेऊन पापा लेफ्तेरिसकडे गेले.
चर्चच्या मागे तो मधमाश्यांना धूर देत होता.
स्पुदी? म्हणाला, जुना शब्द.
प्रेषितांच्या पत्रांत सारखा भेटतो.
मला विचारशील तर,
देवासमोर खिशात हात घालून उभं न राहणं.
पण तू स्तामातियाला विचार.
मला तो व्याकरणातून कळला.
तिला कुठून, ते तिनं कधी सांगितलं नाही.

जानेवारी. खिओस बेटाचा दक्षिणेकडचा उतार.
स्तामातिया खिडकीशी रुमी मस्तकी साफ करत होती.
झाडानं गाळलेले थेंब, वाळून हरभऱ्याएवढे झालेले;
एकेक उचलायचा, चाकूच्या टोकानं खरवडायचा,
माती निघावी आणि थेंब फुटू नये, इतपतच.
उजेड असेतो ओंजळभर होतात.
तिनं मलाही एक चाकू दिला.

स्पुदी? ती हसली.
माझा नातू तेच तर करतो, इसिदोरोस, थेस्सलोनिकीला.
इथे आता तो शब्द शिक्षणाला लावतात,
कॉलेजला, फीला,
चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीला.

मग मी तिला ते पत्र सांगितलं.
कैदेतला एक म्हातारा मित्राला बोलावतो आहे,
हिवाळ्याच्या आत,
मागे राहिलेला झगाही हवा आहे त्याला.
आणि त्या बोलावण्यात
हाच शब्द आहे, स्तामातिया.

चाकू थांबला.

एकोणसत्तर साल, ती म्हणाली.
माझा भाऊ पांतेलिस, लेरोस बेटावर, तारेच्या आत.
त्याची चिठ्ठी आली, तिच्यावर आधीच कुणीतरी
काळी शाई फिरवलेली.
वाचता येत होते दोनच शब्द:
थंडी आहे.

पाच रात्रींत स्वेटर विणला.
दिवसा झाडं होती, शेळ्या होत्या, आजारी सासू होती.
सहाव्या पहाटे गाढवावरून बंदरावर,
शेवटचा उतार तर पळतच;
गाढव मागून आलं.
बोट सुटलेली.
दोरखंडाचं पाणी अजून धक्क्यावर ठिबकत होतं.
पुढची बोट तीन दिवसांनी.

रडलात?

थोडी.
मग करायला काही नव्हतं म्हणून
गाठोडं सोडलं, स्वेटर मांडीवर पसरला.
डावी बाही चार बोटं आखूड.
पाच रात्रींत मला दिसलं नव्हतं ते.
तिथेच पायरीवर बसून उसवली.
लोकर ओलसर होती, वाऱ्यानं गुंतायची.
एका कोळ्यानं कंदील दिला,
त्याच्या बायकोनं उकडलेला मासा.
तिसऱ्या दिवशी बोटीचा भोंगा वाजला
तेव्हा शेवटचा टाका दातानं तोडत होते.

पोचला?

स्वेटर पोचला, ती म्हणाली,
आणि पुढचा थेंब उचलला.

रात्री वहीतले तिन्ही अर्थ मी खोडले.
बराच वेळ काही लिहिलं नाही.
माझ्या भाषेत झट म्हणजे लगेच, या क्षणी,
आणि झटणं म्हणजे
त्या क्षणाच्या मागे आयुष्यभर लागणं.
दोन्ही रोज बोलत आले मी,
एकाच गुंड्याची लोकर आहे
हे कधी हाताला लागलं नव्हतं.
पळणं तीच.
बोट चुकल्यावर पायरीवर बसणं, तेही तीच;
आणि ज्याला कुणी विचारणार नव्हतं
ते चार बोटांचं अंतर.

की हेही मी घाईतच लिहिते आहे?

सकाळी पुन्हा खिडकीशी.
सूर्य अजून डोंगराआड.
माझी कालची ओंजळ तिनं ताटलीत पसरली,
बोटानं फिरवून पाहिली,
तीन थेंब बाजूला काढून माझ्याकडे सरकवले.

हे पुन्हा.