माईक टेस्टिंग

निमंत्रणपत्रिकेत माझं नाव शोधू नका.
फार तर शेवटच्या पानावर, आभारांच्याही खाली :
'ध्वनिव्यवस्था – भैरू आणि मंडळी'.
मंडळी म्हणजे मी,
आणि टेम्पो चालवणारा बसवण्णी.

पण सकाळी सातला, धुक्यात,
गावातला पहिला शब्द माझाच असतो.
हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन.
मग समोर पाटी कुठली लागलीय ते बघून
ओंदु, एरडु, मूरु.
कर्ण्याला दोन्ही सारखेच.
घुमायचं तेवढं गावात घुमतं,
उरलेलं मलप्रभेपलीकडं झाडीत जातं.

एक नोव्हेंबरला मी आजारी असतो.
दोघांनाही तसंच कळवतो.
बाकी वर्षभर तब्येत बरी.
जत्रेतलं कन्नड नाटक, पहाटे पाचपर्यंत,
त्यातला राजा तिसऱ्या अंकात झोपेनं लडखडतो,
लोकांना वाटतं विष चढलं.
भजनस्पर्धा, तिथं भांडण ठरलेलं, पेटीवरून.
गेल्या महिन्यात मराठी नाटकाला टांगलेला राजवाड्याचा पडदा
या महिन्यात बसवण्णीच्या मेव्हण्याच्या नाटकाला.
भाडं तेवढंच. राजा बदलला.

आणि डिसेंबर-जानेवारीत रविवार धरून संमेलनं.
नंदगडच्या अलीकडच्या त्या गावात
ग्रंथदिंडीत पोरींनी नऊवारीवर स्वेटर घातलेले.
उद्घाटक साडेतीन तास बोलले,
कुंद्याचा डबा घेऊन गेले.
पुलाव संपला. परिसंवाद संपेना.

कविसंमेलन शेवटी. असतंच ते शेवटी.
नऊ कवी, पंचवीस मिनिटं,
अध्यक्षांचा डोळा घड्याळावर,
श्रोत्यांचा सव्वासहाच्या गाडीवर.

आठ जण उरकले.
नववी अक्षता गुरव, इयत्ता नववी.
गावची मराठी शाळा पटावर चौघं उरल्यावर मिटली,
ही त्याआधीच कन्नडला गेलेली.
माझ्या टेबलाशेजारून वर चढली म्हणून वही दिसली :
गोल गोल कन्नड अक्षरं, पानभर.
म्हटलं, चुकून दुसऱ्यांच्या संमेलनात आली पोर.
आणि तिनं वाचायला सुरुवात केली
चुलीजवळच्या मराठीत :

*आई भट्टीवर कौलं उचलूल्या,*
*कौलावरचं नाव तिच्या तळहातावर*
*उलटं उठूलंय.*
*मी तिचा हात आरशासमोर धरून*
*वाचूलोय*

मागं कुणीतरी हसलं. 'वाचूलोय' ला असेल.
कार्यवाहांनी मला हात हलवून दाखवला : आवर.
आवाज खाली आणणं माझंच काम.
भल्याभल्यांचा आणलाय,
एका आमदाराचासुद्धा, खोकल्याच्या निमित्तानं.

मी टेबलाखाली वाकलो.
वायर शोधू लागलो.
सगळ्या वायरी जिथल्या तिथं होत्या.
मी बराच वेळ शोधल्या.
वरून आवाज येत होता,
आईच्या हातावरचा कारखाना,
कारखान्याचं गाव,
गावाचं नाव शाळेत एक, घरात एक,
आणि भट्टी थंड झाली की कौल कसं टिंग वाजतं ते.

गाडीनं हॉर्न दिला. निम्मा मंडप उठला.
ती थांबली नाही. घाईही केली नाही.
पान उलटलं, तो आवाजसुद्धा
माझ्या कर्ण्यातून गेला,
बहुतेक नदीपलीकडं.

हिशेबात कार्यवाहांनी दोनशे कापले.
'माईक ऐकेना झालाय तुझा, बे.'
टेम्पोत बसवण्णी म्हणाला,
ती वही मला वाचता आली असती.
मग गिअर टाकत म्हणाला,
कळली नसती.
मी खिडकी वर केली. थंडी होती.

पुढच्या रविवारी हायस्कुलात चित्रकला स्पर्धा आहे.
चित्राला माईक कशाला, विचारलं मी.
लावा एक, म्हणाले,
शांत बसा म्हणायला लागतो.