तोंडचं पाणी

ग्लाफिरा साव्विश्ना, वय एकोणतीस,
काम: कुत्र्यांना खाणं देणं.
प्रयोगवहीत तिचं नाव नाही.
वहीत आहे घंटी, मांसाची भुकटी,
कुत्र्याच्या गालातून काढलेली काचेची नळी
आणि नळीतून मोजलेले थेंब.

डॉक्टर आर्दालिओन त्या हिवाळ्यात फार चिडायचे.
घंटी वाजायच्या आधीच नळी भरते,
आकडे नासतात.
त्यांनी तारा तपासल्या, काचा बदलल्या,
भिंतींत पेंढा ठासला.
मग एका सकाळी जिन्याकडे कान देऊन उभे राहिले.
तिचा डावा बूट घासायचा.
खर्र, मग टक. खर्र, मग टक.
ती पाचव्या पायरीवर आली
की वर तुमानच्या तोंडाला पाणी सुटायचं.

तिला नमद्याचे बूट मिळाले, सरकारी खर्चाने.
ती मांजरासारखी चालू लागली,
आकडे सरळ झाले.
"साहेब, त्याला माझी आठवण येत असेल का?"
डॉक्टर म्हणाले, "आठवण हा शब्द इथे चालत नाही.
वापरला तर दंड आहे."
तिने खिशातून एक कोपेक काढून टेबलावर ठेवलं.

चोवीस साली नेव्हा उलटी फिरली.
समुद्राने नदीला परत शहरात ढकललं.
पिंजऱ्यांची दारं खाली, कुत्र्यांची नाकं वर, छताला.
वाचवायचं म्हणजे आधी बुडवायचं.
तुमानचं डोकं दोन्ही हातांनी पाण्याखाली दाबताना
त्याने तिच्याकडे पाहिलं.
ते कुठल्या एककात मोजतात, तिला ठाऊक नाही.

पाणी ओसरलं. कुत्री वाचली.
घंटी वाजली, काही झालं नाही.
वर्षावर्षांचं शिकलेलं धुऊन गेलं होतं.
डॉक्टरांनी दाराखालून पाण्याची धार सोडून पाहिली,
तुमान थरथर कापला,
ते मात्र वहीत तीन पानं भरून आलं.

एका रविवारी कुणी नसताना
तिने जुने बूट घातले आणि जिना चढली.
खर्र, टक.
नळी कोरडी.
तुमान बुटाकडे बघत राहिला,
नाव विसरलेला माणूस ओळखीचं हसतो तसा.

घरी सात बिऱ्हाडं, एक दार, एक घंटी.
एकदा वाजली तर शिंप्याकडे,
दोनदा दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे,
चारदा ग्लाफिराकडे.
निकानोर किल्ली नेहमी विसरायचा.
वसंतात चार घंट्या म्हणजे तो,
काखेत वर्तमानपत्राचं पुडकं,
पुडक्यात काकडीचा वास येणारे छोटे मासे.
चौथ्या घंटीला तिच्या तोंडाला
आपलं आपण पाणी सुटायचं,
आणि ती एकटीच हसायची.

सदतीसच्या नोव्हेंबरात, पहाटे तीनला,
निकानोर तिच्या शेजारी झोपलेला असताना
चार वाजल्या.
माणसं शिस्तीची होती,
शिंप्याची झोपमोड केली नाही.

डॉक्टरांचा एक नियम तिला पाठ होता:
घंटी वाजत राहिली आणि मागून काही आलं नाही
तर हळूहळू ते विझतं.
किती वेळा, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.
चार: मीटर बघणारा.
चार: शिंप्याच्या पोराची खोडी.
चार: चुकीची तार.
दर वेळी तोंडचं पाणी पळायचं,
जीभ टाळूला चिकटायची,
आणि तरी पाय दाराकडेच जायचे.
मासे असतील तर?

आता शहराच्या टोकाला तिची एकटीची खोली आहे,
स्वतःचं दार, स्वतःची घंटी.
पेन्शन घेऊन येणारी पोरगी एकदाच वाजवते
आणि समजते, म्हातारीला ऐकू येत नाही.
ग्लाफिरा दाराच्या आत, कडीवर हात ठेवून,
उरलेल्या तीन घंट्यांची
वाट बघत उभी असते.